थांबाताईंची वही आणि मामांचा अंगठा

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत लेखात संगणक दुरुस्त करणाऱ्या एक बाई आणि जोडे बनविणारे एक वृद्ध कारागीर यांच्यात जे घडले, ते जसे घडले तसे आणि ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने सांगण्याचे योजिले आहे. यात लढाई नाही, खून नाही, पुरलेला खजिनाही नाही. एक यंत्र आहे, एक वही आहे, एक अंगठा आहे आणि एक चूक आहे. चूक तशी लहानच. परंतु तिच्यापायी एका थोर कारागिराचा हात कायमचा थांबण्याची वेळ आली होती. हकीकत ज्यांच्यावर गुदरली त्यांच्याच तोंडून ती ऐकली आहे. त्यात पदरचे काही पडले असेल तर ते शब्द असतील, घटना नव्हेत.

आमच्या गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या जागेत, ज्यांचे दुकान आहे त्या बाईंना लहानथोर सारे थांबाताई म्हणतात. वय पंचेचाळिशीच्या आसपास, केसांत एक पेन कायम खोचलेले, आणि दुकान इतके चिंचोळे की दोन गिऱ्हाइके एकदम आली तर एकाने बाहेर उभे राहावे. भिंतीवर जुने माऊस शेपटीने टांगलेले असतात. दात घासण्याच्या ब्रशांच्या पेल्यात स्क्रू-ड्रायव्हर असतात. परंतु ताईंची खरी संपत्ती म्हणजे निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही. तिच्याविषयी सांगण्याआधी ताईंच्या कामाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे.

संगणक मंद झाला, अडकू लागला, त्यात नाना उपद्रव शिरले, की शेवटचा उपाय म्हणून तो पार कोरा करतात. कारखान्यातून जसा बाहेर पडला, तसा पुन्हा. यास व्यवहारात फॅक्टरी रिसेट म्हणतात. वरवर पाहता हे दोन-चार कळा दाबण्याचे काम आहे. घर धुऊन काढावे तसे सारे स्वच्छ होते. भेद इतकाच की, घर धुताना एखादी वस्तू आत राहिली तर ती भिजते. येथे जी आत राहिली ती वाहून गेलीच म्हणून समजावे.

गिऱ्हाईक यंत्र काखेत मारून येई आणि म्हणे, “ताई, त्यात काही नाही. उडवा सगळं.”

ताई म्हणत, “थांबा.”

त्यांचे हे टोपणनाव अशा रीतीने पडले. मग त्या गिऱ्हाइकास यंत्रापुढे बसवीत आणि सांगत, “रोजचं काम करा. मी इथं नाही असं समजा.” स्वतः मागे स्टुलावर बसून, त्याचा हात कोठे कोठे जातो ते निळ्या वहीत टिपून घेत. गिऱ्हाईक कंटाळे, हसे, घड्याळ पाही. ताई ढिम्म.

“माणसाला विचारलं की तो विसरतो,” असे त्या सांगत. “म्हणून हाताला विचारावं. हात विसरत नाही.”

एकदा विम्याच्या कचेरीतला एक कारकून आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला की, यात जपण्यासारखे काडीमात्र नाही. ताईंनी बसवले. कागदपत्रे उघडून झाली, पत्रे वाचून झाली, आणि मग त्याचा हात आपसूक कोपऱ्यातल्या ‘कचरा’ नावाच्या कप्प्याकडे गेला. आत बुद्धिबळाचा एक डाव होता. परगावच्या भावाशी सहा वर्षे चाललेला, रोज एक खेळी.

“हे उडवायचं?” ताईंनी विचारले.

कारकुनाचा चेहरा उतरला. “नको, नको. भावाशी बोलणं बंद आहे हो. डाव चालू आहे.”

ताईंनी वहीत लिहिले : कचरा, जपणे. अशा त्या बाई.

आता मामांविषयी. गल्लीच्या मध्यावर चामड्याचा आणि डिंकाचा वास जेथे नाकात शिरतो, ते मामांचे दुकान. मामा साऱ्या गल्लीचे मामा आणि त्यांची पत्नी साऱ्या गल्लीची मामी. मामा नेहमीचे जोडे बनवीत नाहीत. ज्यांचे दोन पाय एकसारखे नाहीत, एक आखूड आहे, एकाची टाच झिजली आहे, एखाद्याची दोन बोटे अपघातात गेली आहेत, असे लोक लांबलांबून त्यांच्याकडे येतात. येताना लंगडत येतात आणि जाताना, सवय मोडेपर्यंत, दोन पावले उगीचच लंगडतात. हे दृश्य ज्याने पाहिले तो मामांपुढे आवाज चढवून बोलत नाही.

पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाची पुठ्ठ्याची आकृती खिळ्याला टांगलेली असे. ती उंदरांनी कुरतडली, तेव्हा अकरा वर्षांपूर्वी जावयाने एक संगणक आणि एक प्रिंटर आणून दिला. मामी तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. त्यांनी तीन बोटांनी सारे शिकून घेतले. पायाची रेघ कागदावर उतरवायची, ती यंत्रात घ्यायची, दर वर्षी पाय बदलेल तशी सुधारायची, आणि काम आले की खऱ्या मापात छापून मामांपुढे ठेवायची. मामा तो कागद तळाच्या चामड्यावर चिकटवून रेषेबरहुकूम रापी चालवीत. रापी म्हणजे त्यांचे चामडे कापायचे रुंद पात्याचे हत्यार. अशी चारशे बारा माणसांची पावले त्या यंत्रात होती.

तेच यंत्र मंद झाले. एक पाऊल उघडायला इतका वेळ लावू लागले की मामी तेवढ्यात भांडी घासून येत. जावयाने फोनवर सल्ला दिला, आणि मामींनी ताईंना बोलावले.

“जावई म्हणतात पाच मिनिटांचं काम आहे,” मामी म्हणाल्या. “एक कळ दाबली की कोरं.”

“पाच मिनिटांत पुसता येतं, मामी. पाच मिनिटांत परत आणता येत नाही. थांबा.”

पाटावरून मामांचा आवाज आला, “हिला दुसरा शब्द येतो का गं? लग्नातसुद्धा थांबाच म्हणाली असेल.”

“म्हणाले होते, मामा. ऐकतंय कोण.”

मामा खो-खो हसले आणि हसताना रापी बाजूला ठेवली. कारण हसत हसत कापणे हे त्यांच्या शास्त्रात बसत नसे. ताईंनी मामींना बसवले आणि स्टूल मागे ओढले. सकाळपासून दुपारपर्यंत मामींनी नेहमीचे काम केले. पाऊल उघडले, चष्मा लावला, कडेची टीप वाचली : डाव्या करंगळीस गाठ, जागा सोडणे. कागद छापला, मामांना दिला. दुसरे पाऊल उघडले. निळ्या वहीची अकरा पाने भरली. पडद्यावर कोणती गोष्ट कोणत्या कोपऱ्यात आहे, याचेसुद्धा चित्र ताईंनी काढले; कारण मामी वाचून नव्हे, तर जागेवरून ओळखतात हे त्यांच्या ध्यानात आले होते. मग सारे काही दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घेतले, उघडून पाहिले, मोजून पाहिले. चारशे बारा.

“आता?” मामींनी विचारले.

“आता तुम्ही कळ दाबायची. यंत्र तुमचं आहे.”

मामींनी डोळे मिटून कळ दाबली. बराच वेळ गोल गोल फिरून यंत्र थांबले, पडदा उजळला, आणि त्याने अगदी नम्रपणे मामींना त्यांचे नाव विचारले.

“बघा! अकरा वर्षं सोबत काढली, आणि विचारतंय आपण कोण!”

“सवय करून ठेव,” पाटावरून मामा म्हणाले. “थोड्या वर्षांनी मीही विचारणार आहे.”

ताईंनी वही उघडून एकेक गोष्ट जागच्या जागी बसवली. पावले आत आली. प्रिंटर नव्याने जोडला. छपाईच्या चौकटीत आकार शंभर टक्के असे लिहून आले होते. ताईंची दृष्टी त्यावरून गेली आणि पुढे सरकली. शंभर हा आकडाच असा आहे की, त्याच्याविषयी कोणाच्या मनात संशय येत नाही. नमुन्यादाखल एक कागद छापला, काळाभोर, स्वच्छ. मामींनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. यंत्र तर असे पळू लागले की मामींची भांडी घासायची राहू लागली.

यानंतर बरोबर बावीस दिवसांनी मामी ताईंच्या दुकानात आल्या. हातात कापडी पिशवी होती आणि चेहरा असा की ताईंनी हातातले काम खाली ठेवले.

“ताई, एक काम होतं. सगळ्यांची मापं छापून हवीत. चारशे बाराच्या चारशे बारा. एवढे कागद माझ्याच्यानं नाही व्हायचे.”

“सगळी? कशाला, मामी?”

“ज्याची त्याला देऊन टाकायची. दुसऱ्या कारागिराकडे जाताना उपयोगी पडतील.” मामींनी पिशवीचे बंद मुठीत गुंडाळले. “मामांनी रापी ठेवली.”

ताईंनी त्यांना स्टुलावर बसवले. मग हळूहळू सारे बाहेर आले. नव्या कागदांवरून मामांनी तीन जोड केले आणि तिन्ही परत आले. पहिला एका निवृत्त मास्तरांचा. मामा म्हणाले, पाय सुजले असतील. दुसरा बागेच्या रखवालदाराचा. मामांनी तो दिव्याखाली धरून पाहिला. तिसरा टपालवालीचा. लहानपणच्या आजाराने तिचा उजवा पाय आखूड राहिला आहे, आणि दिवसभर जिने चढणे-उतरणे हा तिचा धंदा. ती टाचेला फोड घेऊन आली, जोड फळीवर ठेवला, आणि एक शब्द वावगा बोलली नाही. इतकेच म्हणाली, “मामा, पहिल्यांदाच.”

“ती भांडली असती तर बरं झालं असतं,” मामी म्हणाल्या. “त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणाले, रेषेवर कापतोय आणि तरी आखूड होतंय, म्हणजे रेषाच मला दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, नजर उत्तम. मग म्हणाले, नजर नाही तर हात. हात गेला.”

“यंत्राचं काही…”

“मी बोलून बघितलं! तर माझ्यावरच उखडले. ‘नाचता येईना अंगण वाकडं, हे मला शिकवू नकोस’ म्हणाले. त्यांचा तो जुना जोडीदार नव्हता का, कापणं चुकलं की हत्याराला शिव्या द्यायचा? आयुष्यभर त्याची टिंगल केली. आता स्वतः कसे म्हणतील?”

जोडा कोठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळते, असे म्हणतात. ताईंना मात्र तो त्या क्षणी न घालताच चावला. बावीस दिवस. त्यांनी निळी वही काढली आणि ती अकरा पाने पुन्हा वाचली. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती. काही राहिले नव्हते. वास्तविक त्यांनी येथेच हात झटकले असते तरी कोणी बोट दाखवले नसते. परंतु सारे बरोबर असताना जर एका चांगल्या कारागिराचे तीन जोड ओळीने चुकतात, तर ‘सारे बरोबर’ यातच कोठेतरी भोक आहे, असे ताईंच्या मनाने घेतले. शिवाय दुसरी एक धास्ती होती. कागदातच खोट असेल, तर तसले चारशे बारा कागद आज आपल्याच हाताने गावोगाव जाणार.

“छापायचं थांबा,” त्या म्हणाल्या. “आधी मी येते.”

मामांच्या दुकानात त्या दिवशी आवाज नव्हता. हातोडी नाही, रापी नाही. मामांचा पुढे बांधायचा चामड्याचा अंगरखा खिळ्याला होता. रापी तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवली होती, आणि मामा पाटावर दोन्ही हात मांडीवर टाकून, दुसऱ्याचे सामान सांभाळत बसावे तसे, त्या हातांकडे पाहत बसले होते.

“आलीस? छाप बाई लवकर.”

“थांबा, मामा.”

“आता आणखी काय थांबायचं? थांबलोच आहे की.”

ताई स्टुलावर बसल्या. “टपालवाली काय घालून फिरतेय?”

मामांनी मान वळवली. “जुनेच. तळाला भोक आहे त्यांच्या.”

“मग तेवढा एक जोड कापा. शेवटचा म्हणून कापा. तिला अनवाणी सोडून कसं चालेल?”

“म्हणजे पुन्हा फोड आणायचा तिच्या पायाला? परीक्षा घेतेस माझी?”

“परीक्षाच आहे. पण तुमची नाही.”

मामांनी कपाटावरच्या फडक्याकडे पाहिले. मग मामींकडे न पाहताच म्हणाले, “काढ गं तिचं पाऊल.”

मामींनी दोन्ही पायांचे कागद छापले. मामांनी फडके सोडले, रापीची धार नखावर पाहिली, पहिला कागद चामड्यावर बसवला आणि कापू लागले. ताई मागे स्टुलावर, केसांतले पेन हातात घेऊन बसल्या. मामांचे कापणे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजव्या हातात रापी असते; परंतु वाट दाखवतो तो डाव्या हाताचा अंगठा. तो पात्याच्या पुढे पुढे, चामडे दाबत, रेषेवरून चालतो. पुढे वाटाड्या आणि मागे स्वार, असा तो प्रवास.

ताई मामांच्या रापीकडे पाहत नव्हत्या. त्यांनी वहीत लिहिले : अंगठा बाहेर गेला. मागे घेतला. थोड्या वेळाने पुन्हा तेच लिहिले. टाचेच्या वळणावर आणखी एकदा. एक तळ कापून झाला तेव्हा तीच ओळ वहीत सात वेळा आली होती.

“मामा, अंगठा सारखा मागं का ओढता?”

“भटकतो हल्ली. रेषा सोडून बाहेर जातो मेला.” मामांनी रापी खाली ठेवली. “तेच तर सांगतोय सगळ्यांना. हात गेला.”

“कुठंही भटकतो, की ठरावीक जागी?”

मामांनी विचार केला. “टोकाला. आणि टाचेला.”

“किती?”

“असेल सुताएवढा.”

“दर वेळी तेवढाच?”

“तेवढाच.”

“कधी आत येतो का? रेषेच्या आत?”

“आत कधीच नाही.” मामी यंत्रापुढून उठून जवळ आल्या.

“मामा, माझ्या सासूबाईंचा हात म्हातारा आहे,” ताई म्हणाल्या. “सुईत दोरा ओवताना कधी इकडं जातो, कधी तिकडं. म्हातारा हात असा थरथरतो. दर वेळी एकाच बाजूला, एकाच मापानं जाणारा हात म्हातारा नसतो.”

“मग काय असतो?”

“त्याला काहीतरी सांगायचं असतं. दुसरा तळ कापा, आणि या खेपेला त्याला ओढू नका. जाईल तिथं जाऊ द्या.”

“रेषा सोडून?” मामांच्या आवाजात असा धक्का होता की, जणू त्यांना कोणी चोरी करायला सांगितले. “चाळीस वर्षांत रेषा सोडली नाही मी.”

“सोडली नाहीत म्हणून तर विचारतेय.”

मामांनी दुसरा कागद बसवला. पहिल्या वळणावर अंगठा बाहेर सरला, आणि त्यांनी तो, दात ओठांवर रोवून, जाऊ दिला. रापी त्याच्यामागून गेली. मग पुढचे वळण. मग टाच. हळूहळू ओठ सुटले. शेवटचा भाग तर त्यांनी अशा सफाईने काढला की मामींच्या तोंडून आपोआप “हां!” असा उद्गार निघाला. हा उद्गार त्या घरात तीन आठवडे ऐकू आला नव्हता.

“आता जुना एखादा कागद हवा,” ताई म्हणाल्या. “यंत्र कोरं केलं त्याच्या आधीचा.”

“जुना कुठला राहायला? चामड्यावर चिकटतो आणि कापला जातो,” मामी म्हणाल्या. मग त्यांना आठवले. “थांबा!”

“आता हीसुद्धा?” मामा म्हणाले.

मामींनी खिळ्यांचा खण ओढला, खिळे वाटीत ओतले आणि तळाशी अंथरलेली रद्दी बाहेर काढली. टपालवालीचे जोडे सर्वांत लवकर झिजत, म्हणून तिचे कागदही सर्वांत अधिक निघत. त्यांतला दोनदा छापला गेलेला एक कागद त्यांनी खणात घातला होता. गंजाचे डाग पडले होते, परंतु रेषा स्वच्छ होती.

तो कागद नेमका दुसऱ्या तळाचाच होता. ताईंनी त्याच तळाचा आजचा कागद पुन्हा छापून दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उजेड आरपार आला. टाचेला टाच जुळली. टोकाकडे मात्र जुनी रेषा नव्या रेषेच्या पुढे निघून गेली होती. फार नव्हे, अर्ध्या सेंटीमीटरला थोडी कमीच. मग मामांनी अंगठ्याच्या मागून कापलेला तळ उचलला आणि जुन्या रेषेवर धरला. चहूबाजूंनी रेषा त्याच्याखाली अशी झाकली गेली की सुई घालायला फट राहिली नाही.

तिघेही काचेपाशी उभे होते.

“मामी, प्रिंटर नवा आला तेव्हा काय झालं होतं? आठवा.”

“काय झालं होतं?” मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या. “कागद आखूड यायचा! मग दुकानातून एक माणूस आला होता. बसला, काहीतरी केलं, मग नीट यायला लागला.”

“काय केलं त्यानं?”

“मला काय माहीत? मी त्याला पाणी आणायला गेले होते.”

ताईंनी छपाईची चौकट उघडली. शंभर टक्के. त्यांनी तेथे एकशे दोन लिहिले, कागद छापला आणि काचेला लावला. जुन्यावर नवा तंतोतंत बसला. हा प्रिंटर मुळातच दोन टक्के आखूड छापणारा. अकरा वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने त्याची ती खोड ओळखून तेवढी भर घालून ठेवली होती. पुढे त्या भरीला कोणाचा हात कधी लागला नाही, म्हणून ती कोणाच्या वहीत आली नाही. यंत्र कोरे झाले तशी तीही धुऊन गेली.

आता, वाचकहो, ‘प्रिंटर बिघडला होता, दुरुस्त केला’, एवढे म्हणून ताईंना उठता आले असते. दोघांनीही ते मानले असते, वर आभार मानले असते. यंत्राने कोणावर अब्रुनुकसानीची फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही. परंतु ताईंनी निळी वही मामांच्या पाटावर उघडी ठेवली.

“मामा, प्रिंटर आज बिघडला नाही. तो पहिल्यापासून असाच आहे. त्याला कुणीतरी सांभाळून घेतलं होतं, ते मी पुसलं. मी कागद छापून बघितला, काळा आला का ते पाहिलं. लांब आला का, ते पाहिलं नाही. तुमचे तीन जोड माझ्यामुळं गेले. आणि इतके दिवस तुम्ही स्वतःला दोष देत बसलात, तोही माझाच.”

मामांनी वहीकडे पाहिले नाही. ते आपल्या डाव्या अंगठ्याकडे पाहत होते.

“म्हणजे हा गेला नव्हता.”

“नाही, मामा. कागद खोटा आहे हे त्याला पहिल्या दिवशी कळलं होतं.”

“आणि मी त्याला ओढून ओढून आत आणत होतो.” मामांनी अंगठा उजव्या मुठीत धरला. “आणि तरी जात राहिला बेटा. रागावला नाही, दमला नाही. रोज आपला जाऊन सांगायचा.”

“मीसुद्धा रोजच सांगत होते, यंत्रात काहीतरी आहे म्हणून,” मामी म्हणाल्या. “माझ्यावर उखडलात ते?”

“अगं, पण नाचता येईना…”

“मामा,” ताई म्हणाल्या, “या खेपेला अंगणच वाकडं होतं. आणि ते मी केलं होतं.”

मामा एकदम हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आले ते त्यांनी मनगटाने पुसले, आणि खिळ्यावरचा अंगरखा काढून गळ्यात अडकवला. पाठीमागची गाठ मात्र मामींनी बांधली.

“तुला शिक्षा आहे, थांबाबाई,” ते म्हणाले. “त्या तिघांना सांगायचं काम तुझं.”

“ते मी धरलंच होतं.”

“आणि अंगठ्याचं सांगू नकोस. उगीच डोक्यावर बसेल.”

ताई त्याच दिवशी मास्तरांकडे गेल्या, रखवालदाराकडे गेल्या आणि प्रत्येकाला स्वतःचा दोष स्वतःच्या तोंडाने सांगितला. मास्तर म्हणाले, चूक कबूल करणारी विद्यार्थिनी त्यांना नोकरीत असताना मिळाली नव्हती. टपालवाली जिन्यातच भेटली. सारे ऐकून घेऊन तिने इतकेच विचारले, “म्हणजे मामा करतायत ना?” ताईंनी होय म्हटल्यावर तिने खांद्यावरची टपालाची पिशवी जिन्याच्या पायरीवर ठेवली. म्हणाली, “फोडाचं काय हो, तो बरा होतो. मामांनी सोडलं असतं तर मला धंदा बदलावा लागला असता.”

तेव्हापासून ताईंच्या वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ आहे. ती त्यांनी मला वाचून दाखवली, म्हणून येथे देतो : पुसण्याआधी एक रेघ छापावी, पुसल्यावर तीच रेघ छापावी, दोन्ही काचेला लावून पाहाव्यात. खाली बारीक अक्षरात, हात जेथे पोचत नाही तेथल्यासाठी, असे लिहिले आहे. कोणी गिऱ्हाईक उतावीळ झाले की ताई ते पान दाखवतात आणि टपालवालीच्या टाचेची हकीकत सांगतात. स्वतःची चूक दुकानाच्या दर्शनी भागी मांडून ठेवणारा दुसरा दुकानदार निदान माझ्या पाहण्यात नाही. आणि मी धंद्यानिमित्त पुष्कळ दुकानांची दारे पाहिली आहेत.

परवा दुपारी ताई मामांकडे काही कामासाठी गेल्या होत्या. मी समोरच्या दाराचे कुलूप बसवीत होतो. गल्लीतून टपालवाली नवे जोडे घालून गेली. मामांनी रापी उचलून धरली आणि कान दिला. ताईंनी बोलणे थांबवले. मामीही थांबल्या. पावलांचा आवाज दोन्ही पायांचा अगदी सारखा येत होता. तो कोपऱ्यापर्यंत ऐकून मग मामांनी मान डोलावली आणि रापी पुन्हा चामड्यावर टेकवली. अंगठा पुढे, पाते मागे.

येथे ही हकीकत पुरी होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असल्यामुळे लिहिण्यात काही उणेअधिक झाले असल्यास ते माझे समजावे. मामांचे किंवा ताईंचे समजू नये. ज्यांनी आपला वेळ मोडून येथवर वाचले, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
गल्लीतला कुलूपवाला